एप्रिलपर्यंत पाणी नाही

ओटावा, ४ ऑक्टोबर
सुखरूप पोचलो, मी आणि माझा त्रिधारी निवडुंग. हिवाळाभर धाकट्या बहिणीकडे, उल्काकडे मुक्काम. मूळ झाड नागपूरच्या गच्चीवर मीच वाढवलेलं, दीपमाळेसारखं रेखीव. गरम पाण्यात धुतलेल्या सुरीने शेंडा एका घावात छाटला, जखम सुकवली, रीतसर कागद करून आणला. संस्कृतात याला वज्री म्हणतात, असं भाचीला सांगितलं. ऊर्मी म्हणाली, कूल, मामा. इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, पण याहून आटोपशीर भाष्य ऐकलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर
दक्षिणेच्या खिडकीत कुंडी लावली. काटा बोटात शिरला, चीक लागला, बोट बधिर. उल्का ओरडली, दादा, आधी हात धू! मग सगळ्यांना पाठ दिला: थंडीत हे झोपतं. कितीही सुरकुतलं तरी एप्रिलपर्यंत थेंबभर पाणी नाही. बुंधा कुजला तर शेंडा छाटून पुन्हा लावायचा. मेहुणे विलासराव आज्ञाधारक शिष्य; दोनदा घोकून दाखवलं.

१५ नोव्हेंबर
बर्फ. आता अख्खा हात बधिर. उकळता चहा सांडला, कळलंच नाही. तहानही लागत नाही. डॉक्टर म्हणाले, ड्राय एअर, लोशन लावा. उल्का चिडवते, दादा, तूपण विंटर मोडमध्ये गेलास. हसलो. गाल हलायला वेळ लागला.

६ डिसेंबर
दाढी करताना कापलं. रक्त नाही. पांढरा चीक. आता घाबरायला हवं, हे कळत होतं. जमलं नाही.

१७ जानेवारी
खुर्ची खिडकीशी सरकवली आहे. उठवत नाही. आज तहान लागली — फार. ओठ उघडत नाहीत. ऊर्मीला डोळ्यांनी खुणावलं. ती ग्लास घेऊन आली. विलासरावांनी अडवलं, म्हणाले, एप्रिलपर्यंत नाही, मामानेच सांगितलंय ना. ती म्हणाली, ओ राइट, सॉरी.

फेब्रुवारी
उल्का ओल्या फडक्याने माझी धूळ पुसते. फडकं घट्ट पिळलेलं. दादा म्हणत नाही आता. हा, म्हणते. हा छान दिसतो इथे. पेन बोटांत रुतलंय — निघत नाही —

एप्रिल
बर्फ वितळलं. उल्का झारी घेऊन आली. पाणी! कुंडीला घातलं. मग माझ्या पोटरीत बोट दाबलं. बोट आत गेलं. विलासरावांना म्हणाली, अरेरे, बुंधा गेला. वरचा भाग चांगला आहे.
स्वयंपाकघरात नळ सुरू झालाय. गरम पाण्याचा. किती दिवसांनी पाण्याचा आवाज — पाणी — ती सुरी धु—