साहेब आले म्हणून उठलो

फौजेच्या मेडिकल बोर्डाचे डॉक्टरसाहेब,

माझ्या अपंगत्व पेन्शनसाठीचा तुमचा अहवाल बायकोने मोठ्याने वाचला : 'खुर्चीतून विनासायास उठतो. अपंगत्व वीस टक्के.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटेत गुडघ्यांत अडकली नाही हेच नवल!

साहेब, बावीस वर्षं तोफेचे गोळे उचलले. माझ्या मणक्याचे एक्स-रे तुमच्या टेबलावर होते, ते तुम्ही पाकिटातून बाहेरसुद्धा काढले नाहीत. फक्त मला उठताना पाहिलंत. पण मी उठलो का? तुम्ही आत आलात, खांद्यावरचा हुद्दा दिसला, म्हणून! ओठ दाबून उठलो आणि ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकला. ही सवय फौजेनेच लावली, आणि तिच्यावरूनच तुम्ही माझे टक्के कापलेत!

उद्या अपिलाची तारीख, आणि तपासणार पुन्हा तुम्हीच. बायको म्हणते, "या वेळी बसूनच राहा हं!" तिला हो म्हणालोय. पण खरं सांगतो, तुम्ही आलात की मी उठणारच. साहेबाला उलट बोलायचीही सवय नाही, त्यामुळे हे पत्र खिशातच राहील. पण या वेळी लगेच लिहायला घेऊ नका. आधी मला परत बसताना बघा.

आपला,
तोफखान्यातला जुना हवालदार