पाठमोरा परीक्षक

अण्णा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि काल माझ्या मुलीच्या खोलीत मला तुमचा आवाज ऐकू आला. तुमचा म्हणजे तुमच्या वळणाचा. ती संगणकावर संगीत करते. पेटी नाही, तबला नाही. एक पडदा, दोन स्पीकर आणि पायात येणाऱ्या वायरी. काल दादरच्या आमच्या घरी तिचे तीन-चार मित्रमैत्रिणी जमले होते आणि दोन तास एकाच गोष्टीवर भांडत होते, की ते जे करतात त्याला ‘अँबियंट’, म्हणजे नुसतं वातावरणासारखं पसरलेलं संगीत, म्हणायचं की नाही. ठेका किती ऐकू आला तर चालतो, सूर कितीदा बदलला तर चालतो. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांतली एक मुलगी शांतपणे सांगत होती, “माणसाचा आवाज आला की संपलं. मग ते गाणं झालं. आपल्यात बसत नाही.” मी कप ठेवले आणि स्वैपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. तुम्ही नेमकं उलटं सांगत होता, पण अगदी याच सुरात.

मला आपली गिरगावातली वाडी दिसते. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरीत तुमचं टेबल आणि टेबलावर तो फुलस्केप कागद. वाडीच्या गणपतीत भावगीतांची स्पर्धा असे आणि तुम्ही तिचे कायमचे परीक्षक. फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट नियमात बसवल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसे. भावगीत म्हणजे मराठी शब्द, माणसाचा कंठ, साथीला पेटी आणि तबला; बाकी सर्व वर्ज्य. तुमच्या मोत्यासारख्या अक्षरातला तो कागद जिन्याखालच्या फळ्यावर लागायचा, आणि तुमचा धाकटा भाऊ, आपल्याकडेच राहणारा काका, येता-जाता तो मोठ्याने वाचून हसायचा. काका लॅमिंग्टन रोडला रेडिओ दुरुस्त करायचा. एका मोडक्या पेटीच्या पट्ट्या आणि रेडिओचे जुने व्हॉल्व्ह जोडून त्याने विजेची पेटी बनवली होती. व्हॉल्व्ह तापले की खोलीभर धूळ जळल्याचा वास यायचा, आणि मग त्या खोक्यातून एक लांबच लांब सूर निघायचा, कुणी ओठ मिटून गात असल्यासारखा. काकाचं म्हणणं एवढंच, की स्पर्धेत याची साथ चालली पाहिजे.

त्या वादाला जेवणाच्या पाटावर रोज तोंड फुटायचं. ही पेटी विलायती आहे, असं तुम्ही म्हणालात की काका विचारायचा, तुझी पेटी तरी कोकणातल्या कुठल्या झाडाला लागली होती? तुम्ही भात कालवत सांगायचात, “पेटीत हवा असते. हवा म्हणजे श्वास. तुझ्या खोक्यात काय आहे?”

“वीज आहे. दर महिन्याला बिल येतं तिचं.”

“मग बिल गातंय म्हण.”

मुंबई महाराष्ट्रात की बाहेर यावरून तेव्हा सारं शहर पेटलं होतं. एकदा काका म्हणाला, “दादा, मुंबई कुठल्या बाजूला ते अजून ठरेना, आणि तू गाणं कुठल्या बाजूला ते ठरवून मोकळा झालास.” तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “रेडिओ उघडणाऱ्याने गाण्यात बोलू नये. हमालाने पुस्तकांची पेटी उचलली म्हणून तो पंडित होत नाही.” काकाचा हात ताटात थांबला. आईने त्याला न विचारता आमटी वाढली.

त्या थंडीत फ्लोरा फाउंटनकडे गोळ्या चालल्या आणि गिरगावात कर्फ्यू लागला. तुम्ही दोन दिवस कचेरीतच अडकलात. माझी कॉन्व्हेंट शाळा बंद, काकाचं दुकान बंद, खिडक्यांची दारं लावून घेतलेली. काका वेळ जावा म्हणून खोकं वाजवत होता आणि आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता ती त्या सुरात सूर मिसळून गुणगुणू लागली. अण्णा, आई तुम्हाला दाखवायला आणली तेव्हा तुम्ही तिला गायला लावलं होतं आणि तिच्या गळ्यावरच तुमचा होकार ठरला होता, हे ती मला अनेकदा सांगे. लग्नानंतर तुम्ही म्हणालात, देवापुढे म्हणत जा. शिकवणी नाही, तानपुरा नाही. त्या दोन दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी शिकवणारं मिळालं, आणि ते म्हणजे ते खोकं. पुढे कर्फ्यू उठला तरी दुपारी तुम्ही कचेरीत असताना त्यांची शिकवणी चालू राहिली. खोकं एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाई, तशी तीही जायला लागली. मी शाळेतून यायची, सिस्टरनी पियानोवर शिकवलेले स्वच्छ, सुटे सुटे सूर कानात घेऊन. मला आईचा तो लांबट आवाज आवडत नसे.

गणपती जवळ आले तेव्हा तिने स्वैपाकघरात मला विश्वासात घेतलं. ती स्पर्धेत उतरणार होती. तुम्हाला सांगायचं नाही, काकालाही नाही. तुमचा रिवाज तिने बरोबर हेरला होता. पूर्वी कधीतरी भाच्याला बक्षीस दिल्याचा आरोप झाला, तेव्हापासून तुम्ही रंगमंचाकडे पाठ करून बसत होता. गाणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही, फक्त क्रमांक. आई चपाती लाटत म्हणाली, “मी देवापुढे म्हणते तेव्हा त्यांना स्वैपाक करणारी बाई ऐकू येते. एकदा पाठ करून ऐकू देत. नुसता गळा. मग काय ते मार्क देऊ देत.” तिला बक्षीस नको होतं. आपण तुम्हाला अजून पसंत आहोत का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या शेजारी बसले आहे. तुमचं तोंड लोकांकडे, माझं रंगमंचाकडे. माझ्या हातात पूजेची पितळी घंटा. तुम्ही बोट वर केलं की घंटा वाजवायची आणि गाणाऱ्याने उतरायचं. क्रमांक सात येतो. आई हिरवं पातळ नेसून माइकसमोर उभी राहते आणि माझ्याकडे बघून जरासं हसते. गाण्याचे शब्द यायच्या आधी ती ओठ मिटून एक सूर धरते, लांब, घसरता, भोंग्यातून आणखीच बारीक झालेला. तुमची मान ताठ होते. हात गुडघ्यावरून उचलला जातो. घंटा वाजते.

तुम्ही मागे वळून न पाहता, कचेरीत शिपायाला सांगावं तशा आवाजात म्हणालात, “यात माणूस नाही. ते खोकं बंद करा आणि खाली उतरवा.”

मग तुम्ही वळलात. खोकं घरी होतं. त्याचा व्हॉल्व्ह दोन दिवसांपूर्वीच उडाला होता. माइकसमोर आई होती. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “वहिनी, स्विच बंद करा,” आणि अख्खा मंडप हसला. आई पदर सावरून पायऱ्या उतरली. तुम्ही पुन्हा पाठ केलीत आणि म्हणालात, “क्रमांक आठ.”

घरी तिने तुम्हाला वाढलं. मोदक फोडून त्यात तूप घातलं. काकाने जेवण टाकलं, आणि आठवड्याभरात खोकं खोलून त्यातले चांगले व्हॉल्व्ह सभांच्या लाऊडस्पीकरला लावून टाकले. वाडीतली पोरं जिन्यात आई दिसली की नाकातून सूर काढायची. नळावर तिचं नाव ‘बिलाची पेटी’ पडलं. तुमचाच विनोद काकाने कधीतरी बाहेर सांगितला होता. पुढच्या वर्षी तुमच्या कागदावर एक नवा नियम आला, ‘स्पर्धकाने प्रथम शब्द म्हणावेत.’ तुमच्याकडून माफी म्हणून आईला एवढंच मिळालं. ती त्यानंतर गायली नाही. माझ्या मुलीला पाळण्यात घालताना बायकांनी आग्रह केला, तर तिने नुसता पाळणा हलवला.

आणि तुमचं शेवटचं दुखणं. परळच्या हॉस्पिटलात खिडकीजवळची खाट. तुमचा आवाज बसलेला. तुम्ही आईला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, “काहीतरी म्हण. जुनंच. हळू म्हण.”

आईने तुमची चादर नीट केली. “माझ्यात माणूस नाही,” ती म्हणाली. “तुमचाच निकाल आहे.” मग तिने मोसंबं सोललं, बिया काढल्या, एकेक फोड तुमच्या तोंडात घातली. तुम्ही चावत चावत माझ्याकडे बघत होता. फार वेळ बघत होता. मी मोसंब्याच्या साली कागदात गुंडाळल्या आणि टाकायला बाहेर गेले.

इतकी वर्षं मी सगळ्यांना ही गोष्ट अशीच सांगत आले. नवऱ्याला, मुलीला. ऐकणारा दरवेळी तुमच्यावर चिडतो आणि मी चिडू देते. त्या संध्याकाळी दुसऱ्या रांगेत माझ्या वर्गातली एक मुलगी बसली होती. आईने सूर धरला तशी मी मान वळवून मागे पाहिलं; ती शेजारणीच्या कानाशी लागली आणि दोघी हसल्या. आईला हसल्या की आणखी कशाला, मला ठाऊक नाही. तुमचा हात गुडघ्यावरून उठला होता, पण गाणं आवडलं की ताल धरायलाही तो तसाच उठायचा. बोट वर झालं नव्हतं, अण्णा. घंटा मी वाजवली.

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत, आणि मग ते वाक्य बोललात. तुम्हाला खरंच ते खोकं वाटलं, की परीक्षकाची घंटा उगाच वाजली असं दिसू नये म्हणून बोललात, हे मी विचारलं नाही. तुम्हीही कुणाला काही सांगितलं नाहीत, हॉस्पिटलातसुद्धा.

हे पत्र मी माझ्या शाळेच्या जुन्या वह्यांत ठेवून देईन. आईला ती जाईपर्यंत मी हे सांगितलं नाही, आणि आत्ताही खुर्ची फिरवून, तिच्या फोटोकडे पाठ करून बसले आहे.