पातेल्यातला पांढरा थर

वडवणी, मंगळवार, मे १९९५, संध्याकाळ

दोन वर्षं वाया गेली.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मी डिस्टिल्ड पाण्यात बनवलेल्या, कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवायचे. त्यात वाढीचं संप्रेरक टाकलं की पेशींच्या आत कॅल्शियम वाढायचं. बाहेर कॅल्शियम नाहीच, म्हणजे ते पेशीच्या स्वतःच्या साठ्यातून सुटलं, असं मी प्रबंधात छातीठोकपणे लिहून टाकलं.

आज कॉलेजात आमचे शिपाई शेषरावमामा चहाच्या पातेल्यातला पांढरा थर खरवडत होते. सहज म्हणाले, "मॅडम, ह्ये बोअरचं पानी लई जड हाय. तुमच्या कॅनमधी भरताना मी दोनदा उकळून गाळतो."

"माझ्या कॅनमध्ये? त्यात डिस्टिल्ड पाणी असतं ना?"

"ते यंत्र तर दोन उन्हाळे झाले बंद हाय. तुमचं काम अडू न्हाई म्हून..."

उकळून कॅल्शियमचे सगळे क्षार जातात का? थोडे तळाशी बसतात, बाकीचे पाण्यातच. मग ते कॅल्शियम बाहेरूनच आत शिरलं? बहुतेक. आता सांगताच येत नाही, आणि तेच वाईट. मामांवर ओरडू तरी कशी? दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, पाणी येतं कुठून.

घरी आले, तर आमच्याही पातेल्यात तोच पांढरा थर. रोज दिसत होता की मला.

आप्पा बाही वर सारून बसलेलेच. "आज रगत घ्यायचं म्हन्ली व्हतीस ना? घे की. काहून रडायलीस?"