क्लच पायाला मऊ लागतो

१ मार्च, सोमवार

दुचाकींचं पान लिहिणारा सहकारी विमा विकायला गेला. शनिवारच्या पुरवणीत अर्धं पान मोकळं पडलं. संपादक माझ्या टेबलापाशी आले, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "राशिभविष्य तूच लिहितोस ना, सहा वर्षं?"

म्हटलं, हो.

"मग मोटरसायकलींवरही लिही. स्वस्तातली स्पोर्ट्स घ्यावी की रोजच्या कामाची साधी, यावर चार लेख. चालवतोस ना गाडी?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं फक्त. तोंडातून निघालं, "म्हणजे काय साहेब!"

वय वर्षं त्रेचाळीस. सायकलसुद्धा मला फक्त डावीकडे वळवता येते. बसचा पास खिशात आहे, तो आज जरा जास्तच टोचतोय.

३ मार्च, बुधवार

मतं गोळा करतोय. ज्याच्या हातात हेल्मेट दिसेल त्याला थांबवायचं आणि विचारायचं.

सगळ्यात कामाचा निघाला तो आमच्याकडे पाकिटं आणणारा कुरिअरवाला. सगळे त्याला 'बाण' म्हणतात. अकरा वर्षं एकच शंभर सीसीची गाडी, रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर. घरी बायको, दोन मुली, आणि बोलताना घड्याळाकडे लक्ष. "साहेब, साध्या गाडीला तीन गुण. पेट्रोल पीत नाही, कुठलाही मेकॅनिक उघडतो, आणि चोर तिच्याकडे बघत नाही."

आणि अवगुण?

"चोर तिच्याकडे बघत नाही," तो म्हणाला. "कुणीच बघत नाही."

मग साडूंना फोन. त्यांच्याकडे गेल्या वर्षीपासून स्पोर्ट्स आहे. हँडल खाली, सीट वर, माणूस टाकीवर पालथा. वीस मिनिटं तारीफ चालली होती. मी विचारलं, "पाठ नाही दुखत?" तर हळूच, "हिला सांगू नका."

एक गोष्ट लक्षात आली. आपल्या गाडीला कुणी नावं ठेवत नाही. बायकोच्या माहेरासारखं आहे ते. तोंडावर तरी चांगलंच बोलायचं.

६ मार्च, शनिवार

पहिला लेख छापून आला. वाचायला बरा वाटतो. 'अनेक वर्षांच्या अनुभवातून' असं एका ठिकाणी लिहिलंय. कुणाच्या अनुभवातून, ते लिहिलेलं नाही.

८ मार्च, सोमवार

घात झाला.

लेखात एक वाक्य आहे: 'या गाडीचा क्लच पायाला मऊ लागतो, त्यामुळे गर्दीत पोटऱ्या भरून येत नाहीत.'

मोटरसायकलचा क्लच हातात असतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणे. अकरा पत्रं आली. एकानं चित्र काढून पाठवलंय, रेघा ओढून: 'हा हात. हा पाय.'

संपादक म्हणाले, "हे काय आहे?"

म्हटलं, "मुद्दाम केलंय साहेब. वाचक नीट वाचतात का, याची परीक्षा. पहिल्या बरोबर उत्तराला हेल्मेट बक्षीस."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हेल्मेट तुझ्या खिशातून."

१३ मार्च, शनिवार

दुसरा लेख. बक्षिसाच्या घोषणेमुळे पुरवणी संपली, असं विक्रीवाले सांगतात. मी आता लोकप्रिय आहे.

१६ मार्च, मंगळवार

सकाळी अकराला शोरूमचा माणूस ऑफिसच्या दारात लालभडक स्पोर्ट्स गाडी लावून गेला. चावी टेबलावर. "आठवडाभर चालवा आणि मनापासून लिहा." शोरूमची पानभर जाहिरात शनिवारी येणार आहे, हे संपादकांनी वेगळं सांगितलं.

सगळं ऑफिस खिडकीत. मी म्हटलं, इंजिन थंड असताना लगेच चालवणं बरोबर नाही. पाचपर्यंत ते थंडच ठेवलं. साडेपाचला सगळे गेल्यावर हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि गाडी ढकलत घरी निघालो.

साडेतीन किलोमीटर. ही गाडी दिसते तितकी हलकी नाही, हे माझं पहिलं स्वतःचं मत.

पहिल्या चौकात एकानं थांबून विचारलं, "पेट्रोल संपलं?" मी मान हलवली. चूक केली. तो गेला आणि बाटलीभर पेट्रोल घेऊन आला. स्वतःच्या हातानं टाकीत ओतलं. पैसे घेईना. वर उभा राहून म्हणाला, "मारा स्टार्टर."

आता काय करणार? म्हटलं, "नवस आहे. घरापर्यंत चालत न्यायची."

त्यानं हात जोडले. मग पुढची दोन वळणं तो मागून ढकलत आला. देव त्याचं भलं करो.

१७ मार्च, बुधवार

हात वर होत नाहीत. हिनं खांदे दाबून दिले. ही फिजिओथेरपिस्ट आहे, दवाखान्यात दिवसभर लोकांचे सांधे मोकळे करते आणि घरी माझे. दाबता दाबता हसत होती, त्यामुळे दाब नीट पडत नव्हता.

"मनगट आणि मान घेऊन आला की समजायचं स्पोर्ट्सवाला," ती म्हणाली. "कंबर घेऊन आला तर साधी गाडी, आणि तीही घासलेल्या सीटवर."

"आणि दोन्ही खांदे घेऊन आला तर?"

"तर खोटारडा," ती म्हणाली.

मुलीनं जेवताना विचारलं, "बाबा, ती गाडी नुसती खाली उभी आहे, मग तिचा रिव्ह्यू कसा लिहिणार?"

मी म्हटलं, भात वाढ.

२० मार्च, शनिवार

तिसरा लेख. 'कोपऱ्यावर ही गाडी पाण्यासारखी वळते.' हे वाक्य सगळ्यांना आवडलं. संपादकांनी ते मोठ्या टाइपात घेतलं. शेजारच्या पानावर शोरूमची जाहिरात, तीच लाल गाडी.

वळते हे खोटं नाही. पार्किंगमध्ये हातानं वळवली होती.

२३ मार्च, मंगळवार

आठवडा संपला, शोरूमचा माणूस लाल गाडी घरून घेऊन गेला. बाण पाकिटं द्यायला आला आणि गेलाच नाही. खुर्चीच्या कडेवर बसला. माझा लेख त्याच्या खिशात, चार घड्या घालून.

"साहेब, जुनीला गिऱ्हाईक मिळालंय. शनिवारी देतो. आणि ही लाल घेतो."

म्हटलं, "तू तर साधी गाडी चांगली म्हणायचास."

"ते मी म्हणायचो. तुम्ही स्वतः चालवून लिहिलंय." लेखावर बोट ठेवून म्हणाला, "आपण अडाणी माणसं, एकाच गाडीवर अकरा वर्षं काढली. आपल्याला काय कळतं?"

पहिल्या लेखातलं निम्मं शहाणपण याचंच आहे. मी ते छापलं, आणि आता तो माझ्यापुढे स्वतःला अडाणी म्हणतोय. मागे पाकिटांचं खोकं बांधायला त्या लाल गाडीला जागाच नाही. दिवसाला दीडशे किलोमीटर मनगटावर भार. हे मी त्याला सांगायला हवं होतं. "बघू," एवढंच म्हणालो. कन्या राशीला 'मन अस्वस्थ राहील' लिहिलं. माझी रास कन्या.

२४ मार्च, बुधवार

सांगून टाकलं. ऑफिसच्या जिन्याखाली, दोन कप चहा घेऊन.

"मला गाडी चालवता येत नाही."

"ही लाल?"

"कुठलीच."

बाणनं कप खाली ठेवला. "मग ते पाण्यासारखी वळते वगैरे?"

"ढकलताना वळली."

वाटलं, आता हा हसेल. हसला नाही. लेख खिशातून काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. म्हणाला, "माझ्या थोरलीनं हे भिंतीला लावायला मागितलं होतं. बाबांची नवी गाडी म्हणून."

चहावर साय धरली.

मग तो उठला. "हेल्मेट आहे ना तुमच्याकडे? चला. बसा मागे."

शोरूममध्ये जाऊन त्यानं दोन्ही चालवायला मागितल्या. आधी लाल स्पोर्ट्स, मग सव्वाशे सीसीची साधी. दोन्हींवर मागे मी. आणि इथे एक नवल घडलं: मला मतं सुचायला लागली! वीस वर्षं लोकांच्या मागे बसून फिरलोय. डबलसीट हा एकच विषय असा, की त्यात मला कुणी हरवू शकत नाही.

लाल गाडीची मागची सीट म्हणजे कपाटावर ठेवलेली उशी. धरायला काही नाही. पाय इतके वर की गुडघे कानाशी बोलतात. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्याच्या मानगुटीवर. साध्या गाडीची सीट ऐसपैस, धरायला कडी, पाय जागच्या जागी; सत्तरच्या पुढे मात्र सगळं अंग मोबाइलसारखं थरथरतं. हे मी ओरडून ओरडून सांगत होतो आणि बाण पुढून "आणखी?" विचारत होता.

उतरल्यावर त्यानं लाल गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "देखणी आहे पण," म्हणाला. मग साध्या गाडीच्या मागच्या कडीला खोक्याचा पट्टा बांधून बघितला.

"साधी घेतो. तुम्ही म्हणता म्हणून नाही हां. पाठ माझी आहे."

२५ मार्च, गुरुवार

चौथा लेख संपादकांच्या टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. पहिलं वाक्य: 'मला मोटरसायकल चालवता येत नाही.' पुढे सगळं: क्लच, नवस, ढकलणं, बाण. शेवटी दोन्ही गाड्यांबद्दल मागच्या सीटवरून जे कळलं ते.

त्यांनी दोनदा वाचलं. मनातल्या मनात माझी नोकरी सोडून दुसरी शोधूनही झाली होती.

"शोरूम जाहिरात काढून घेईल," ते म्हणाले.

"हो."

"'क्षमा' तीनदा आलंय. एकदा पुरे." लाल पेनानं दोन कापल्या. मथळा खोडून वर लिहिलं, 'डबलसीट'. "पुढच्या शनिवारपासून हेच नाव. दर आठवड्याला. मागे बसून लिही, बसून म्हणजे खरंच बसून."

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा म्हणाले, "आणि ऐक. राशिभविष्याबद्दल काही कबूल करू नकोस."

२७ मार्च, शनिवार

छापून आलं. घराबाहेर पडलो नाही.

३० मार्च, मंगळवार

सत्तेचाळीस पत्रं. शिव्या फक्त सहांत. हेल्मेट जिंकलेला वाचक म्हणतो, परीक्षा खोटी होती तरी हेल्मेट परत करणार नाही.

बाकीची पत्रं मागे बसणाऱ्यांची. एका शिक्षिकेनं लिहिलंय की चौदा वर्षं ती एका बाजूनं बसतेय आणि नवऱ्याला वाटतं तिला तसंच आवडतं. एका आजोबांना मुलाच्या गाडीवर चढायला खुर्ची लागते. गाडी घेताना त्यांना नेलंच नव्हतं. एकीनं फक्त एक ओळ लिहिलीय: 'आम्हांला कुणी विचारतच नाही.'

वाचताना गहिवरून आलं. हिला मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, बघ, माणसं घरातल्या घरात विचारत नाहीत एकमेकांना. ही "हं" म्हणाली आणि चादरी घडी करत राहिली.

बाणनं नवी गाडी आणली. थोरलीनं तिच्यावर लाल चिकटपट्टीचे दोन पट्टे लावलेत. जुनीचं गिऱ्हाईक फिरलं, तर म्हणाला, रविवारी या, तिच्यावर शिकवतो तुम्हाला.

४ एप्रिल, रविवार

गोदामामागच्या मैदानात चौथ्यांदा गाडी बंद पाडली. बाण कपाळाला हात लावून चहा आणायला गेला. ही कट्ट्यावर मलम-पट्टी घेऊन बसली होती. ती उठली, म्हणाली, "उतर जरा." हेल्मेट मागून घेतलं, बाह्या सरसावल्या, एका किकमध्ये गाडी चालू केली. मैदानाला तीन फेऱ्या. मग मधल्या मोकळ्या जागेत संथपणे इंग्रजी आठचा आकडा. पाय एकदाही जमिनीला टेकला नाही.

माझ्यासमोर आणून थांबवली.

"कधी शिकलीस?"

"कॉलेजात. तीन वर्षं रोज चालवायचे."

लग्नाला अठरा वर्षं झाली. "मग कधी बोलली का नाहीस?"

तिनं हेल्मेट काढलं, कपाळावरचे केस मागे केले.

"तुला येत नव्हती ना," म्हणाली.