खाचेतल्या मोटारी

सोलापूर,
१२ ऑगस्ट १९७८

ती. अण्णास,

चन्नम्माचा नमस्कार. 'पत्रास कारण की' असं लिहून मग कारण शोधत बसायची माझी पद्धत नाही, हे तुला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. आप्पा वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात. मला या आठवड्यात टेलिफोन ऑफिसात सकाळची पाळी आहे. ढग रोज येतात, आपल्याला ओळखत नसल्यासारखे पुढं निघून जातात. इचलकरंजीला तरी पाऊस आहे का? तुझ्या कारखान्यातले माग चालू आहेत ना?

आता कामाचं. माळ्यावर ती पेटी सापडली. मिलमधला गोरा साहेब विलायतेला परत जाताना आप्पांना देऊन गेला होता ती, खाचेतल्या मोटारींची! आठवतं का? काळे रबरी रस्ते एकमेकांत अडकवायचे. रस्त्यात दोन खाचा, खाचेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, पट्ट्यांत वीज. मोटारीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसवायची आणि हातातलं बटण अंगठ्यानं दाबलं की मोटार सुसाट. तुझी हिरवी, आप्पांची लाल. आणि मी कोण? तर वळणावर उडालेली मोटार पळत जाऊन परत खाचेत बसवणारी. तू बारा वर्षांचा, मी आठ. एकदा तरी बटण माझ्या हातात दिलंस का रे?

मी त्या दुरुस्त करायला घेतल्या आहेत. हसू नकोस. पट्ट्या गंजल्या होत्या म्हणून देवाची भांडी घासते तशा चिंचेनं घासल्या. शेजारच्या दगडाबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, खेळणं हाय की समई?" रात्रीत पट्ट्या आणखी तांबड्याभडक झाल्या, कारण त्या तांब्याच्या नव्हेतच, लोखंडाच्या आहेत. मग रॉकेल आणि पॉलिशपेपर. तीन दिवस बोटांना वास होता. ऑफिसातल्या बायका माझ्या डब्यापासून लांब बसायला लागल्या.

मला सांग, लाल मोटारीला जळका वास येतो, ती कधी जळली? हिरवीचं कवच उघडायचं कसं, स्क्रू आहे की नुसतं दाबून बसवलंय? आणि वळणाचे तुकडे सातच आहेत, गोल पुरा व्हायला आठ लागतात. आठवा कुठं गेला? आप्पांना विचार म्हणशील. त्यांना नको, तूच सांग.

लवकर लिही. मला दुसरं काही सुचत नाहीये.

चन्ना


सोलापूर,
३ सप्टेंबर १९७८

ती. अण्णास नमस्कार,

अबब! सात वर्षांत तुझी पत्रं म्हणजे पोस्टकार्डावर चार ओळी, आणि एका स्क्रूवर चार पानं? तू सांगितलास तिथंच तो निघाला, पुढच्या चाकांच्या मधोमध, मळानं भरलेला. वळणाचा आठवा तुकडा तू शाळेत बदल्यात दिलास म्हणे, चार गोट्यांच्या! आणि लाल मोटार तूच जाळलीस हे आत्ता कबूल करतोस? बटण दोरीनं दाबून बांधून, मोटार खाचेतच हातानं अडवून धरून, किती वेळात काय होतं हे बघायला? अरे, त्यावरून आप्पांची बोलणी मी खाल्ली होती. असो. मलाही बघावंसं वाटलं असतं.

इलाहीबक्षचाचा आठवतात ना? आप्पांच्या हाताखाली मिलमध्ये वायरमनचं काम शिकलेले. आता त्यांचं स्वतःचं दुकान आहे, पॉवरलूमच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देतात. लाल मोटारीचं इंजिन मी त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते म्हणाले, "बेटी, ही मोटर हाय का मुंगी? लूमची आन, डोळं झाकून भरून देतो." आणि दुसऱ्याच मिनिटाला चष्मा पुसून आत डोकावायला लागले. त्यांचा चहा गार झाला.

जळालेली तार उलगडताना वेढे मोजायचे. जेवढे निघतील तेवढेच नवे घालायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. मोजायचं काम माझ्याकडे. मी आपली एकशे चार, एकशे पाच करत होते, तेवढ्यात एका गिऱ्हाईकानं वेळ विचारली. मी 'सव्वाअकरा' म्हणाले आणि पुढचा वेढा बारा मोजला! चाचांनी कपाळाला हात लावला. बरं तर बरं, आत अशी तीन वेटोळी असतात. दुसरं उलगडून पुन्हा मोजलं, एकशे अठरा.

वळणाच्या आठव्या तुकड्याच्या जागी चाचांनी फळीला खाच पाडून पत्र्याच्या पट्ट्या ठोकून दिल्या. मोटार घरी आणून रस्त्यावर ठेवली, चाचांच्या बॅटरीला जोडली, आप्पांनी बटण दाबलं. मोटार सुटली ती मागे! शेपूट पुढं करून निघाली आणि जीभ खाचेतून निसटून कलंडली. दगडाबाई ओरडल्या, "आगं बया, ही तर म्हागारी फिरली की!" आणि आप्पा हसले. मोठ्यानं. इतक्या दिवसांत तो आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे माझ्या हातातली बशी पडली. मग त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चढवून दाखवली. मला कळायला थोडा वेळ लागला. मोटारीच्या पोटातल्या दोन तारांची अदलाबदल कर, असं ते म्हणत होते. केली. धावली सरळ!

पण हिरवी अडून बसली आहे. तिच्या पोटाखाली तांब्याच्या तारेच्या वेणीचे दोन झुबके असतात, ते पट्टीवर घासत वीज वर घेतात. ते झडून गेलेत आणि इथं तसलं काही मिळत नाही. नवी पेठ पालथी घातली. शेवटी जुन्या साडीच्या काठातली जर काढली. बॅटरी आणि बल्ब लावून पाहिलं, बल्ब पेटला! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पण ही जर पिळताना तुटते, आणि टिकली तरी दोन फेऱ्यांत तिच्या झिरमिळ्या होतात. तुझी शांतम्मा विणकरांच्या घरातली आहे. तिला विचार, जर कशी पिळायची? सुलटी की उलटी? किती पदरी?

आप्पांच्या उजव्या हाताला जरासा त्रास आहे. बाकी ठीक.

चन्ना


सोलापूर,
२२ सप्टेंबर १९७८

ती. अण्णास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी शांतावहिनीचं उत्तर, कारण तेच पहिल्या पानावर होतं. दोन-दोन पदर सुलटे पिळायचे, मग असे तीन एकत्र करून उलटे, आणि पिळताना बोटं कोरडी ठेवायची. तसं केलं. झुबका टिकला, आधी लाल मोटारीला लावून पाहिला तर चाळीस फेऱ्या झाल्या. तिला सांग.

तिनं विचारलंय, काठ कुठल्या साडीचा? आणि तू खाली विचारलंयस, आप्पा बोटं का दाखवतात, बोलत का नाहीत? दोघांनी नेमकं तेच पकडलंत जे मी लिहिलं नव्हतं.

साडी माझ्या साखरपुड्याची. तू शांतावहिनीशी लग्न करून निघून गेलास आणि आठ दिवसांत अक्कलकोटचा निरोप आला, परजातीत सोयरीक झालेल्या घरची मुलगी नको. आप्पांनी तुला 'पुन्हा पाऊल टाकू नकोस' म्हटलेलं तू ऐकलंस. त्यानंतरचं तू ऐकायला इथं नव्हतास. मी होते. साडी घडी मोडल्याशिवाय ट्रंकेत राहिली. तू कधी विचारलं नाहीस, चन्नाचं पुढं काय झालं? सात वर्षं मी तुझ्यावर जळत होते, अण्णा. तिचं नाव घेत नव्हते. गेल्या पत्रात घेतलं ते केवळ जर तुटत होती म्हणून.

आता आप्पांचं. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं. ते हसले असं मी लिहिलं, ते अर्ध्याच तोंडानं हसले होते. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला काम द्या. रबरी चेंडू दाबायला दिला, तर त्यांनी तो दगडाबाईंच्या अंगावर भिरकावला. त्या म्हणाल्या, "ह्यानला चेंडू नगं, कायतरी डोस्क्याचं द्या." तेव्हा मला अंगठ्यानं दाबायचं बटण आठवलं. पेटी माळ्यावर सहज सापडली नव्हती, मी ती मुद्दाम शोधून काढली.

आणि फेब्रुवारीत तुझं पत्र आलं होतं, 'आप्पांना विचार, मी येऊ का?' मी उत्तर लिहिलं, 'आप्पा म्हणतात, धोंडप्पा मला मेला, येऊ नकोस.' अण्णा, आप्पा असं काही म्हणाले नाहीत. त्यांना म्हणताच येत नव्हतं. तुझं पत्र मी त्यांना वाचूनसुद्धा दाखवलं नाही. ते वाक्य माझं होतं. तू इथं यावंस आणि आप्पांनी सगळं विसरून तुला जवळ घ्यावं, हे मला बघवलं नसतं. इतकी मी वाईट आहे. लिहून टाकलं.

आता रोज संध्याकाळी ते लाल मोटार चालवतात. वळणावर अंगठा बरोबर सैल सोडतात, एकदाही उडत नाही. हिरवी सुरू झाली त्या दिवशी मी हौसेनं दुसरं बटण घेतलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी पाळी आली बाई! आप्पांनी माझ्या हातातून ते ओढून घेतलं. मला वाटलं, चिडले. दुसऱ्या दिवशी तेच. इलाहीबक्षचाचांनी हात लावला, तर त्यांच्याही मनगटावर चापट. मग आप्पांनी ते बटण टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवलं, तू बसायचास तिथं, आणि हिरवी मोटार लालच्या शेजारी उभी करून थांबून राहिले. दगडाबाई म्हणाल्या, "म्हातारा कुणाची तरी वाट बघतूय की गं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

काल त्यांना तुझं फेब्रुवारीचं पत्र वाचून दाखवलं. मी काय उत्तर धाडलं तेही सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्री माझ्या हातून जेवले नाहीत, दगडाबाईंनी भरवलं. आज सकाळी मात्र डाव्या हातानं वही माझ्यापुढं ढकलली आणि तिच्यावर तीनदा बोट आपटलं. म्हणून हे लिहिते आहे, ते समोर बसले आहेत. मध्येच पान बघतात, संपलं का म्हणून.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मी तुझे सात महिने खाल्ले, ते परत देता यायचे नाहीत. पत्र मिळेल त्याच दिवशी निघ. शांतावहिनीला घेऊन ये. ती दारातून आत येईल तेव्हा कुणी काही बोललं तर मी बघून घेईन.

तुला राग आला असेल. यायलाच हवा. फक्त तो पत्रातून धाडू नकोस. इथं ये, आप्पांच्या देखत मला हवं ते बोल. मी दार लावून आत जाणार नाही, समोर उभी राहून सगळं ऐकून घेईन.

चन्नम्मा