म्हशीचा सोन्याचा दात

उमा,

मी सकाळच्या एसटीनं मिरजेला चाललोय. आवाज बसलाय तो थंडीनं नव्हे, गळ्यात गाठ आलीय. डॉक्टरला दाखवतो. ही थाप नाही, पोरी.

तुझ्या सासूला मात्र सांग, म्हशीला सोन्याचा दात आला म्हणून मामंजी विट्याला सोनं गाळणारा गलाईवाला शोधायला गेलेत. चिडेल, पण त्या रागात दिवस बरा जाईल तिचा.

दुष्काळात वाघानं मला विहिरीतून घागर काढून दिली, हे मी जेवताना शंभरदा सांगितलं असेल. दरवेळी ती ताटात भाकरी टाकत म्हणते, "आवं, देवाला तरी भ्या." तेवढं ऐकायला मी चाळीस वर्षं जेवायच्या वेळेला घर गाठलं. उद्या आवाजच गेला तर ती कुणाला बोलणार? काल घास उतरला नाही तो ह्याच धास्तीनं.

म्हशीला पेंड घाल. संध्याकाळच्या गाडीनं आलो नाही तर सासूला खरं सांग, पण ती जेवल्यावर. तिला पटायचं नाही. म्हाताऱ्यानं सुनेलाबी थापा मारायला शिकवलं म्हणून हसेल. हसू दे. लगेच शपथ घेऊ नकोस.

मामंजी