फार दुखलं का?

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! शिवणाचं दुकान, आणि वर राहायला खोली. मालकीणबाईंचं शिवणात मोठं नाव. भिंतीवर सगळे फोटो त्यांचेच. एका फोटोत तर नवरी कोपऱ्यात आणि बाई मधोमध. मला हसूच आलं. पण बाई प्रेमळ वाटल्या. काम करताना त्यांच्या बोटात टाचणी घुसली. मी कळवळून विचारलं, फार दुखलं का? म्हणाल्या, इतक्या मायेनं आजवर कोणी विचारलं नव्हतं. दिवसभर मी हवेत होते. माझंही बोट ठणकतंय, कुठे टोचलं कोण जाणे.

९ फेब्रुवारी
बाईंची पाठ धरली होती. चौकशी केली, तेल चोळून दिलं. त्या टुणकन उठून गुणगुणायला लागल्या आणि मी वाकले ती वाकलेच. सुट्टी मागितली तर म्हणाल्या, तुझी नाटकं बघायला मला वेळ नाही. वर गिऱ्हाइकांसमोर डोळे पुसत, हिला मी लेकीसारखं ठेवलं आणि ही माझ्यावरच उलटली! आणि माफी कोणी मागितली? मीच. संताप येतो स्वतःचा.

१७ फेब्रुवारी
बाई बाहेर गेल्यावर इस्त्रीवाले काका बोलले. आधीची मुलगीही अशीच हळवी होती. बाईंना काय होतंय म्हणून विचारलं, की ते दुखणं तिच्या अंगात. शेवटी ती अंथरुणातून उठेना, तेव्हा बाईंनी दुसरी शोधली. म्हणजे मी. आधी का नाही सांगितलंत, असं मी ओरडलेच. ते मान खाली घालून म्हणाले, मी इथे कोणाला कधी काही विचारत नाही, म्हणून तर टिकलो. तळपायाची आग मस्तकात गेली. टिकलो म्हणे!

१८ फेब्रुवारी
बाईची दाढ दुखतेय. दिवसभर गालाला हात लावून माझ्याच पुढ्यात. ओठ चावून धरला, पण नाही विचारलं. म्हणाली, किती दगड आहेस गं. दगड तर दगड!

१९ फेब्रुवारी
बॅग भरली. दुपारच्या गाडीनं येते म्हणून वहिनीला कळवलं.

खाली बाई किंचाळली. इस्त्री पडली हातावर, असं ओरडतेय. काका विचारणार नाहीत. मग मी तरी का — नाही. भाजू दे. चांगलं भाजू दे —

रडतेय. लहान मुलासारखी. नाटक असणार. पण वास येतोय, कातडी जळल्याचा —

जिन्यावरूनच विचारलं. जवळ गेले नाही, नुसतं विचारलं.

रडणं थांबलं. गुणगुणतेय ती. आणि माझा उजवा हा—